दातेऱ्यावरचा नेम

मी नऊ वर्षं दुसऱ्यांच्या चुका मोजल्या आणि त्याचा सरकारी पगार खाल्ला. नेमणुकीच्या कागदावर कामाचं नाव इंग्रजीत टाइप केलेलं होतं आणि वाचायला भारी वाटायचं. खरं काम एवढंच होतं, की विमानाने सोडलेलं रॉकेट निशाणापासून किती लांब आणि कुठल्या बाजूला पडलं ते बघायचं आणि वहीत लिहायचं. आमच्या गावालगतच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, विमानदलाची एक लहानशी तुकडी तंबू ठोकून राहिली होती. परदेशातून आणलेली नवी शस्त्रं विकणारे सांगतात तशी नेमावर जातात का, हे ती तपासत असे. विमानं घाटावरून यायची, समुद्रावर एक वळसा मारायची, खाली झेपावायची आणि सोडून मोकळी व्हायची. पुढचं पडलेलं मी निस्तरायचं.

गाव श्रीवर्धनच्या उत्तरेला, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. आमची कोळ्यांची वाडी खाली वाळूला लागून आणि सडा वर. माझा बाप वाडीतला जुना तांडेल. तो बोट घेऊन निघाला की चार बोटी त्याच्या मागे निघायच्या, इतका त्याचा शब्द चाले. आणि अशा माणसाच्या पोटी मी, एकुलता एक, ज्याला बोट लागते. कोळ्याच्या पोराला बोट लागते म्हणजे भटाच्या पोराला घंटेचा आवाज सोसत नाही म्हणण्यासारखं आहे. सात-आठ वर्षांचा असताना बापाने मला तीनदा समुद्रावर नेलं, तिन्ही वेळा मी ओकून ओकून निळा पडलो. चौथ्यांदा त्याने नेलं नाही. मला बोर्ली पंचतनच्या शाळेत घातलं आणि त्या दिवसापासून तो माझ्याशी समुद्राबद्दल काही बोलला नाही.

हे न बोलणं किती मोठं, ते जो आमच्यातला नाही त्याला सांगावं लागेल. समुद्रावर पाटी नसते. मासळीची जागा किनाऱ्याच्या खुणांवरून सापडते. देवळाचा कळस डोंगराच्या अमुक खाचेत बसला पाहिजे, आणि त्याच वेळी दुसऱ्या अंगाला अमुक झाड मागच्या सुळक्यावर आलं पाहिजे. दोन्ही जुळलं की तुमच्या होडीखाली ती जागा. दोन हात इकडेतिकडे झालं तर नुसतं पाणी नाहीतर खडक. या खुणा घराण्याच्या असतात. सुकाणू सोडणारा त्या सुकाणू धरणाऱ्याला सांगतो, त्याही समुद्रावर, प्रत्यक्ष तिथे होडी उभी करून. जमिनीवर खूण उच्चारायची नाही. मी सुकाणू धरणार नव्हतो, म्हणून मला काही सांगायचं नव्हतं. मला त्याचं तेव्हा वाईट वाटत नव्हतं, उलट मी मॅट्रिक झालो होतो आणि स्वतःला शहाणा समजत होतो.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. विमानदलाचे एक साहेब जीपमधून आले. मी तेव्हा बोर्लीच्या एका भुसारी दुकानात कारकुनी करत होतो. सबंध पंचक्रोशीत कोळी असून इंग्रजी वाचणारा मीच, म्हणून कुणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवलं. साहेब उत्तरेकडचे, मऊ बोलणारे. त्यांनी दुकानाच्या बाकावर नकाशा पसरला आणि विचारलं, की किनाऱ्यावरून नीट दिसेल, पण मासेमारीला कुणी जात नाही, अशी जागा समुद्रात कुठे आहे. लोकांचं नुकसान व्हायला नको, असंही म्हणाले. मनापासून म्हणाले.

मी क्षणाचाही विचार न करता दातेऱ्यावर बोट ठेवलं.

दातेरं म्हणजे ओहोटीला वर येणारा खडक, किनाऱ्यापासून अर्ध्या तासाच्या वल्ह्यावर. त्याच्या भोवती पाण्याखाली धारदार खडपं. तिथे जाळं टाकलं तर चिंध्या हाती येतात, हे वाडीतलं शेंबडं पोर सांगेल. का सांगेल? कारण माझ्या बापाने तीस वर्षांपूर्वी तिथे फाटलेलं आपलं जाळं वाडीच्या मधोमध बांबूवर टांगून ठेवलं होतं, आठ दिवस. तेव्हापासून सगळ्या बोटी दातेऱ्याला लांबून वळसा घालत. मी ही गोष्ट आईच्या मांडीवर ऐकली होती. साहेबांना मी तीच रंगवून सांगितली आणि त्यांनी तिथल्या तिथे मला नोकरीचं विचारलं.

संध्याकाळी घरी जेवताना मी हे बापाला सांगितलं. त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"दातेऱ्याला कोन जात न्हाय, हे तुला कुनी सांगितला?"

"सगळेच सांगतात, बा. तूच सांगतोस."

त्याने पाण्याचा तांब्या उचलला, हात धुतला आणि बाहेर जाऊन बसला. मला वाटलं, मुलगा सरकारी नोकर होणार हे त्याला सोसत नाहीये. आपल्याला जे समजत नाही त्याला दुसऱ्याचा मत्सर म्हणायची मला तेव्हा सवय होती.

पंधरा दिवसांनी साहेब वाडीत आले. देवळाच्या अंगणात सगळे जमले, बायाही एका कडेला. साहेब हिंदीत बोलत, मी मराठीत सांगत होतो. दातेऱ्यावर लोखंडी चौकट आणि रंगवलेली पिंपं बसवणार. ज्या दिवशी काम, त्या दिवशी सड्यावर लाल निशाण, बोटी बाहेर काढायच्या नाहीत. शेवटी साहेबांनी विचारलं, त्या खडकाजवळ कुणाची मासेमारी असेल तर आत्ता सांगा, आम्ही दुसरी जागा बघू. मी ते स्पष्ट, मोठ्याने सांगितलं. सगळी वाडी माझ्या बापाकडे बघायला लागली. त्याच्याआधी कोण बोलणार?

बापाने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "न्हाय. कुनाची न्हाय."

मी साहेबांकडे वळून म्हणालो, हरकत नाही. माझ्या आयुष्यातलं सरकारसाठी केलेलं ते पहिलं भाषांतर. मला त्याचा अभिमान वाटला होता, हे लिहिताना आज लाज वाटते.

मग मोजणीची ठाणी बांधली गेली. एक दक्षिणेच्या टेकाडावर, तिथे एक शिपाई. दुसरं सड्याच्या टोकावर, ते माझं. पत्र्याची शेड, चुना मारून पांढरीशुभ्र केलेली, आत तीन पायांच्या तिकाटण्यावर दुर्बीण आणि तिच्याखाली कोन दाखवणारी पितळी तबकडी. पाणी उडालं की दोघांनी आपापला कोन टेलिफोनवर सांगायचा. तंबूतला एक जण नकाशावर दोन रेघा मारी आणि जिथे त्या छेदतील तिथे रॉकेट पडलं. बापाची जागा शोधायची रीत आणि सरकारची रीत एकच होती, फक्त उलट्या बाजूने. हे समजायला मला काही वर्षं लागली.

माझ्या शेडपुढे कड्यावर उंडीचं एक जुनं, गोल माथ्याचं झाड होतं. आई त्याच्या बिया वेचून दिव्याचं तेल काढी. दुर्बीण लावली तर दातेरं नेमकं त्या झाडाआड जाई. मी साहेबांना सांगितलं, दोन माणसं आली, सकाळी सुरुवात केली आणि दुपारपर्यंत झाड आडवं. दातेरं लख्ख दिसायला लागलं. त्या रात्री आई एवढंच म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." तेलाच्या बियांसाठी चिडली असेल, असं मी समजलो.

पहिल्या दिवशी सहा रॉकेटं सोडली. एकही पिंपाला लागलं नाही. दोन फार लांब गेली, एक खडकाच्या उत्तरेला, आणि तीन नैर्ऋत्येला, साधारण एकाच ठिकाणी, खडकापासून ऐंशी वारांवर. मी नीट अक्षरात नोंद केली. मग दुर्बिणीतून बघतो, तर ती तीन पडली तिथल्या पाण्यावर पांढरं काही तरंगत होतं. आधी वाटलं फेस आहे.

तो फेस नव्हता, घोळी होत्या. पोट वर करून मेलेल्या, हातहात लांबीच्या, पुरुषभर लांबीच्याही. मध्ये जिताडे. निशाण उतरल्यावर भरतीने त्या वाडीच्या वाळूवर आणून टाकल्या. बायका टोपल्या घेऊन धावल्या, पोरं ओरडायला लागली, कुणी बोत, म्हणजे माशाच्या पोटातला फुगा, काढायला सुरी आणली. घोळीचं बोत म्हणजे आमच्याकडे सोनं. अर्धा तास सणासारखा गेला. मग एक म्हातारा उभा राहिला आणि म्हणाला, "दातेऱ्याला तर मासा न्हाय ना? मग ह्यो कुठला?"

बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या. मग एकेकाला आठवायला लागलं. तांडेल एकटाच लहान होडी घेऊन पहाटेचा कुठे जातो. त्याला वर्षाला दहा-बारा मोठ्या घोळी कशा मिळतात, आणि विचारलं की तो "हरिहरेश्वराची कृपा" कसा म्हणतो. तीस वर्षांपूर्वी टांगलेल्या त्या जाळ्याचं कुणाला सांगायची गरज उरली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. बापाची मूठ सरकारने उघडली आणि उघडणारं बोट माझं होतं.

मी घरी आलो तेव्हा आई चुलीपुढे होती. मी विचारलं, त्या दिवशी देवळात त्याने का नाही सांगितलं?

"काय सांगायचा व्हता त्यानं? तीस वरसं सगळ्यांशी खोटा बोललो, असा?" ती म्हणाली. "तुझ्या तोंडानं त्यो खोटा खरा झाला, आता काय."

त्या दिवसानंतर बापाच्या मागे चार बोटी निघाल्या नाहीत. तोंडावर कुणी वाईट बोललं नाही, पण तो देवळात आला की बोलणं थांबे. निशाण नसलेल्या दिवशी काही जण दातेऱ्याला जाऊन आले. जाळी फाटली, गळ खडपात अडकून तुटले, आणि ते बापाला शिव्या देत परतले. दातेरं दिसतं, जागा दिसत नाही. जागा म्हणजे खडपांच्या मध्ये एक अंगणाएवढी वाळू, खोल आणि शांत. तिथे गळ सोडायचे, जाळं नाही. हे बापाला ठाऊक होतं, आणि त्याच्या खुणा कुणालाच माहीत नव्हत्या.

तो जात राहिला. निशाण नसलं की एकटाच. खरं तर तिथे कधीच जायची परवानगी नव्हती, न फुटलेलं काही पाण्याखाली असेल म्हणून. कुणाची होडी दिसली तर तिचा नंबर लिहून कळवायचा, हे माझ्या कामात होतं. दुर्बिणीत त्याची होडी आली की मी दुर्बीण दुसरीकडे वळवत असे. मला वाटे, मी त्याच्यावर केवढे उपकार करतोय. तो नेहमी आधी किनाऱ्याकडे तोंड करून बराच वेळ बघत बसे, आणि मग गळ सोडी. मला वाटे हट्टीपणा आहे, सरकारला डोळे वटारून दाखवतो आहे.

घोळी कमी होत गेल्या. वर्षाला दोन, मग एक. जेवढ्या वैमानिकांच्या चुका जास्त तेवढा मासा मेलेला. खडकाला लागलेल्या रॉकेटाने काही मरत नसे, चुकलेल्याने मरे, आणि नऊ वर्षांत चुकलेलीच फार. वहीचं पान उघडलं की नैर्ऋत्य, ऐंशी. नैर्ऋत्य, पंच्याहत्तर. नैर्ऋत्य, नव्वद. त्या दिशेकडे का झुकतात याचं वैमानिकांना मोठं कोडं होतं. वाऱ्यावर चर्चा चालायची, चहा व्हायचा. साहेब मला म्हणायचे, तुझे आकडे सगळ्यांत पक्के.

त्याबद्दल बाप एकदाच बोलला. पावसाळ्याआधी होडी वर ओढून घेतली होती आणि तो तिच्या बुडाला तेल लावत होता.

"कुठं पडतात?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याने चिंधी तेलात बुडवली.

"हे कवा जानार?"

"काम झालं की."

"गेले की मासा येल परत," तो म्हणाला. "पानी काय जागा सोडत न्हाय."

या एका आशेवर त्याने पुढची वर्षं काढली. मला माहीत होतं, आणि मी रोज सकाळी डबा घेऊन सड्यावर जात होतो.

शेवटच्या दोन वर्षांत वेगळी रॉकेटं आली. त्यांच्या मागून केसाएवढी बारीक तार सुटत जायची आणि वैमानिक हातातल्या छोट्या काठीने त्या तारेतून रॉकेटाला वळवायचा. सुटल्यावरसुद्धा नेम दुरुस्त करता यायचा. समुद्र त्या तारेने भरला. बापाच्या गळांना ती गुंडाळून येई. तो काही न बोलता घरी आणून टाकी. आईने ती मासळी वाळवायच्या बांबूच्या वलांडीला बांधली आणि तिच्यावर बोंबील वाळत घातले. गंजत नाही, म्हणाली. नियमाने मी ती जप्त करून तंबूत द्यायला हवी होती. मी बोंबील खाल्ले.

आणि एक दिवस त्या तारेच्या रॉकेटाने पिंपाच्या मधोमध घर केलं. लागोपाठ चार. तंबूतून आरडाओरडा झाला, साहेबांनी टेलिफोनवर माझं अभिनंदन केलं, जणू मीच मारलं होतं. मी वहीत शून्य लिहिलं, चारदा. पाण्यावर काही तरंगलं नाही. नऊ वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा एकही मासा मेला नाही. महिन्याभरात तुकडी हलली. त्या रॉकेटांचं पुढे काय झालं, घेतली की नाही, कुठे कुणावर पडली, मला कुणी सांगितलं नाही. वह्या पेटीत बंद करून नेल्या. मला इंग्रजीत एक प्रशस्तिपत्र मिळालं.

सामान हलवायच्या आदल्या दिवशी बाप सड्यावर चढून आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. धापा टाकत होता. शेडच्या भिंतीला हात लावून उभा राहिला.

"ही शेड ऱ्हाऊ दे म्हन साहेबांना," तो म्हणाला.

"सरकारी आहे, बा. पत्रा न् पत्रा मोजून न्यायचा असतो."

"इचार तरी."

मी विचारलं नाही. म्हातारपणी माणसाला पत्र्याचाही लोभ सुटतो, असं मनात आलं. नऊ वर्षांत त्याने माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. दुसऱ्या दिवशी शेड उतरवली, फक्त दगडाचं जोतं राहिलं.

मग बाप समुद्रावर गेला आणि रिकामा आला. पुन्हा गेला, गळ तोडून आला. तिसऱ्यांदा तसंच. चौथ्या दिवशी दुपारी तो अंगणात दोऱ्या सोडवत बसला होता. मी नोकरी संपलेला, ओट्यावर. तो मान वर न करता बोलायला लागला, आणि मला कळायच्या आत तो जमिनीवर बसून खूण सांगत होता.

"एक, गावदेवीचा कळस डोंगराच्या खाचेत. दुसरी, उंडी, मागच्या सुळक्यावर." त्याने दोरीची एक गाठ सोडवली. "उंडी तू तोडलीस. मग तुझी शेड त्याच जाग्याला. चुन्याची, लांबून दिसायची. ती धरून जात व्हतो."

दातेरं ज्या झाडाआड जात होतं, ते झाड दातेऱ्यावरून बघणाऱ्यासाठी नेमकं त्याच रेघेवर असणार, हे नऊ वर्षं कोन मोजणाऱ्या माणसाला सुचायला हवं होतं. आणि होडीतून किनाऱ्याकडे बघत बसलेला बाप कुणाकडे बघत होता, हेही. मी दुर्बीण वळवून घेत होतो, तेव्हा तो मला शोधत होता. मला रडू आलं नाही. स्वतःची किळस आली.

"उद्या वर जाशील?" त्याने विचारलं. "जोत्यावर. काय तरी पांढरा घेऊन."

मी गेलो. माझं पांढरं धोतर लांब बांबूला बांधलं आणि शेडच्या जोत्यावर उभा राहिलो. वारा होता, बांबू हातात राहत नव्हता. होडी दातेऱ्याच्या नैर्ऋत्येला गेली, थोडी मागे आली, थोडी उत्तरेला सरकली, आणि थांबली. दुर्बीण नव्हती, पण मला तो कोन पाठ होता. तो बरोबर जागेवर होता. तारेशिवाय तुकडीच्या कुणाचाही नेम नऊ वर्षांत इतका बसला नव्हता. भरती येऊन ओहोटी लागेपर्यंत तो तिथे बसला आणि तोवर मी बांबू धरून उभा होतो.

तो परत आला तेव्हा मी पाण्यात उतरून होडी धरली. तळाशी नुसत्या दोऱ्या होत्या आणि तारेचं एक भेंडोळं.

"जागा बराबर व्हती," तो म्हणाला. "काय न्हाय तिथं."

त्याच संध्याकाळी तो देवळाच्या अंगणात गेला, मी त्याच्या मागोमाग. लोक बसले होते, नेहमीसारखे गप्प झाले. त्याने सगळ्यांसमोर, मोठ्याने, आपली जागा सांगितली. वाडीत असं पूर्वी कधी झालं नव्हतं. कळस डोंगराच्या खाचेत, तो म्हणाला, ही एक. आता कुनाला पायजे त्यानं घ्या.

"आनि दुसरी?" मागून एकाने विचारलं. आवाजात थोडी थट्टा होती.

बापाने वळून माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यो," तो म्हणाला, आणि घराकडे चालू लागला. मी देवळाच्या पायरीशी होतो, जिथे साहेबांच्या शेजारी उभं राहून हरकत नाही म्हणालो होतो, तिथेच.  त्या जागेला पुढे कुणी गेलं नाही.